कामटीला विचारून काढलेलं छप्पर

बोगालेच मेन्नाला ऑफिसात सगळे ‘वाकड्या कामांची बाई’ म्हणत, आणि ते ऐकून ती खूशच होत असे. सरळ भिंती कोणीही काढतो, असे तिचे म्हणणे. अदिस अबाबातल्या सिरक यांच्या आर्किटेक्ट ऑफिसात तिने चोवीस वर्षे काढली होती. आली तेव्हा ट्रेसिंग पेपरवर शाईने रेघा मारायची. मग संगणक आला. बाकीचे ड्राफ्ट्समन ‘आपला हातच बरा’ म्हणून नाक मुरडत बसले, तेव्हा हिने जेवणाच्या सुटीत उजव्या हाताने इंजेरा खात डाव्या हाताने माऊस चालवायला शिकून घेतले. नाक मुरडणारे केव्हाच घरी गेले. ही अजून डाव्या हाताने माऊस चालवते, आणि तिच्या खुर्चीवर दुसरा कोणी बसला की पाच मिनिटांत वैतागून उठतो.

गोल जिना असो, चर्चचा घुमट असो, कुठल्या हॉटेलवाल्याला हवे असलेले लाटांचे छत असो, पट्टीने जे निघत नाही ते बोगालेचच्या टेबलावर येई. ती आधी चार वक्र रेषा काढी, त्यांच्यावर ढोलावर कातडे ताणावे तसा पृष्ठभाग ताणी, आणि मग एकेक बिंदू धरून कुठे ओढी, कुठे दाबी. शेवटी एक कळ दाबली की त्या पृष्ठभागावर झेब्र्यासारखे काळे-पांढरे पट्टे उमटत. कुठे पट्टा तुटला की तिथे मोड आहे असे समजायचे. बोगालेचच्या कामात पट्टा तुटलेला गेल्या दहा वर्षांत कोणी पाहिला नव्हता, आणि याचा तिला गर्व होता. असायलाच हवा. खोटा विनय हा आळशी माणसांचा दागिना आहे.

ती अदिसच्या शिरो मेदा वस्तीतली, जातीची डोर्झे. डोर्झे म्हणजे विणकर, हे अदिसमध्ये शेंबडे पोरही सांगेल. सांगताना मात्र काही जणांचा आवाज जरा खाली येतो, कारण विणलेला शामा, अंगावरची सुती शाल, सगळ्यांना हवा असतो, विणणारा शेजारी नको असतो. आम्हा डोर्झ्यांत पुरुष मागावर बसतात, बायका सूत काढतात. बोगालेचचे तिघे भाऊ बापाने मागावर बसवले आणि हिच्या हातात चाती दिली. हिचे सूत दर वावेला तुटायचे. शेवटी बाप मेन्ना म्हणाला, “पोरी, सूत तर धड निघत नाही, निदान रेघ तरी धड काढ,” आणि त्याने तिला तंत्रशाळेत घातले. मागावर बसायला मात्र तिला कोणी विचारले नाही, आणि तिनेही कधी विचारले नाही.

तर अशा या ऑफिसात शिरो मेदाच्या विणकर सोसायटीचे काम आले. विणकरांना कापड विकायला मोठी बाजारशाळा बांधायची होती, आणि सोसायटीची एकच अट होती. छप्पर गावाकडच्या घरासारखे हवे, बांबूच्या कामट्यांनी विणलेले, समोर दारावर नाक काढलेले. गावाकडे डोंगरात आमची घरे तशीच असतात. लांबून पाहिले तर हत्ती समोर तोंड करून उभा आहे असे वाटते.

काम गेले नाहोमकडे. नाहोम हुशार गडी, बाहेरदेशी दोन वर्षे शिकून आलेला, आणि ही गोष्ट तो दिवसातून दोनदा तरी कानावर घालायचा. चार दिवसांत त्याने स्क्रीनवर ते छप्पर उभे केले. चंदेरी, गुळगुळीत, कुठे खाच नाही. सिरक मागे हात बांधून बघत राहिले. नाहोमने खुर्ची गर्रकन फिरवली आणि बोगालेचला हाक मारली. ऑफिसातली सगळी तरुण मंडळी तिला मोठ्या बहिणीसारखी ‘एत्ये’ म्हणत.

“एत्ये, ये, बघ. एक पट्टा तुटलेला दाखव, संध्याकाळची कॉफी माझ्याकडून.”

“पट्टे छान आहेत,” बोगालेच म्हणाली. “राजबिंडं दिसतंय. आता मला यातली एक कामटी काढून दे. इथून निघून नाकावरून पलीकडे जाणारी.”

नाहोमने पृष्ठभागावरून बोटभर रुंद पट्टी कापली. बोगालेचने त्याच्या हातून माऊस घेतला आणि ती पट्टी उलगडून स्क्रीनवर सपाट पसरली. पट्टी सरळ नव्हतीच. चंद्रकोरीसारखी वाकडी होती.

“ही काय कोयती आहे?”

“नाकापाशी वळते ना, एत्ये. म्हणून.”

“बाबा, बांबूची कामटी पोटावर वाकते, कुशीवर वाकत नाही. कुशीवर वाकवलीस की कडकन मोडणार.”

“मग तशीच वाकडी कापून घेऊ.”

“सरळ बांबूतून कोयत्या कापणार? धागा आडवा कापलास की संपलं. मग ती कामटी नाही, झिलपी. चुलीत घालायची.”

नाहोम हसला, पण त्याचे कान लाल झाले होते. “एत्ये, हे गावचं राहू दे ना गावात. ही भूमिती आहे, झोपडी नाही.”

ऑफिसातल्या सगळ्यांचे टायपिंग थांबले. बोगालेचला राग आला की तिचा आवाज उलट खाली येतो. “भूमितीच बोलतेय मी. आकार आधी आणि कामटी मागून, ही तुझी भूमिती. कामटी आधी आणि तिला जसं जायचंय तसा आकार, ही आमची. आमची साठ-सत्तर वर्षं उभी राहते. तुझी स्क्रीनवर.”

सिरक माणूस भला, पण दोन्ही दगडांवर पाय ठेवून उभा राहणारा. त्यांनी घसा खाकरला आणि पोटातली गोष्ट सांगितली. ठेकेदाराने आधीच तोड काढली होती. आत लोखंडी नळ्यांचा सांगाडा, वरून पत्रा, आणि पत्र्यावर विणलेल्या बांबूचे चित्र छापलेले. नाहोमचा आकार जसाच्या तसा उभा राहील. “रस्त्यावरून कोणाला कळणार आहे?” असे ठेकेदार म्हणाला होता.

“विणकरांच्या डोक्यावर छापील विणकाम?” बोगालेच म्हणाली. तिला वाटले, हे आपल्या बापाच्या थोबाडीत मारल्यासारखे आहे. चाळीस वर्षे विणून त्या माणसाने हेच बघायचे का?

“मग करून दाखव,” सिरक म्हणाले. “पुढच्या, तिकिम्त महिन्याच्या शेवटी सोसायटीच्या समितीची बैठक आहे, आपल्याच अंगणात. त्या दिवशी समितीसमोर पाव मापाचं छप्पर तुझ्या मॉडेलवरून विणून उभं राहिलं, तर खऱ्या कामट्या. नाही राहिलं तर पत्रा. मग माझ्याकडे रडत यायचं नाही.”

“मी कधी रडत आलेय?” बोगालेच म्हणाली, आणि ते खरे होते.

मेस्केलचा सण आठवड्यावर आला होता. मेस्केलला डोर्झे माणूस जगाच्या पाठीवर कुठेही असो, गावी जातोच. बोगालेच या वेळी पिशवीत लेझरचे माप, दोन टेपा आणि वही घालून गेली. तिने घर निवडले ते झूमाचे. झूमा सत्तरीचा, पस्तीस घरे विणलेला, आणि सगळ्या पंचक्रोशीत ज्याच्या हाताला खोट नाही असा म्हातारा. त्याचे स्वतःचे घर तिने लहानपणापासून दर मेस्केलला पाहिले होते.

“यो मास्काला, गाशे झूमा!” तिने दारातून सणाची हाक दिली. वडीलधाऱ्या पुरुषाला आम्ही गाशे म्हणतो.

“यो, यो! ये, मेन्नाची पोर. हातात काय आहे ते?”

“माप घ्यायचं यंत्र. तुमच्या घराची मापं घेणार आहे.”

“घराला कपडे शिवतेस?”

“शिवते.”

“मग ढिले शीव. ते अजून जेवलेलं नाही.”

आतून त्याची बायको हसली आणि कोचोची भाकरी नि तिखटजाळ दाता चटणी बाहेर आली. खाल्ल्याशिवाय काम करू देणारे घर डोर्झेमध्ये नाही. मग बोगालेच शिडीवर चढली. दोन दिवस ती त्या घराभोवती फिरत होती. विणीची एकेक ओळ, तिचा घेर, तिची उंची, नाकापाशी ती कशी वळते, सगळे वहीत गेले. झूमा गाबी पांघरून ओट्यावर बसून बघत होता.

“ऑफिसात तू नक्की काय करतेस गं? पुरुष विणतात, बायका सूत काढतात. तुझं काय?”

“मी संगणकात घर विणते, गाशे.”

“कशाचं?”

“उजेडाचं म्हणा.”

“आणि पावसात गळत नाही?”

“वीज गेली की अख्खंच जातं.”

“म्हणजे आमच्या वाळवीपेक्षा वाईट,” झूमा म्हणाला, आणि त्याला स्वतःचाच विनोद इतका आवडला की त्याने तो शेजाऱ्याला हाक मारून सांगितला.

बोगालेच अदिसला परतली आणि कामाला लागली. या वेळी तिने पृष्ठभाग ताणला नाही. एकेक ओळ ही एक कामटी, आणि प्रत्येक कामटीला एकच नियम: उलगडली तर सरळ पडली पाहिजे. एकीवर एक कामट्या बसत गेल्या की आकार आपोआप वर येतो. सॉफ्टवेअर असल्या कामासाठी केलेले नव्हते, म्हणून ते दर अर्ध्या तासाला रुसून बंद पडे. बोगालेच त्याला डोर्झेत शिव्या देई आणि पुन्हा सुरू करी. नवव्या दिवशी नाक तयार झाले. ते इतके सुरेख वळले होते की ती एकटीच मोठ्याने हसली.

पण सगळे छप्पर पुरे झाल्यावर हसू मावळले. घर बसके दिसत होते. टोपी डोळ्यांवर ओढून बसलेल्या म्हाताऱ्यासारखे. दार कपाळाला टेकले होते. त्याहून वाईट म्हणजे कामट्या जमिनीपासूनच आत कललेल्या होत्या. हिशेब केला तर एवढ्या मोठ्या छपराचे पाय भाराखाली बाहेर घसरत होते.

नाहोम मागून येऊन उभा राहिला. या वेळी त्याने टोमणा मारला नाही, ते जास्त लागले. “एत्ये, नाक झकास आहे,” तो हळूच म्हणाला. “पण हे उभं नाही राहणार.”

तो खरे बोलत होता. बैठकीला तेरा दिवस उरले होते. बोगालेचने फोन उचलून झूमाला लावला.

“गाशे, तुमचं घर असं बसकं का आहे?”

“बसकं?” म्हातारा ओरडला. फोनवर ओरडल्याशिवाय आवाज अदिसला पोचत नाही अशी त्याची समजूत होती. “बसकं असणारच! दोनदा कापलंय ते!”

“कापलंय?”

“वाळवीनं पाय खाल्ले ना. एकदा छातीएवढं गेलं, एकदा कमरेएवढं. कापलं, चाळीस जणांनी खांद्यावर घेतलं, नव्या जागी ठेवलं. दार वर सरकवलं. तुला काय वाटलं, ते असंच जन्मलं?”

बोगालेचने कपाळावर हात मारला. “अहो, दोन दिवस मी मापं घेत होते, तुम्ही समोर बसला होतात! सांगितलं का नाही?”

“तू विचारलंस कुठं? मला वाटलं, तुझ्या ऑफिसला म्हातारंच घर हवंय. शहरातली माणसं, काय सांगावं!” मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला आणि तो खदखदा हसत सुटला. “अगं, म्हाताऱ्याची मापं घेऊन नवरदेवाची विजार शिवलीस की!”

ही चूक नाहोमने केली नसती. त्याने पहिल्याच मिनिटाला विचारले असते की घर किती जुने आहे. ही चूक फक्त डोर्झे माणूस करू शकतो. घरे खालून कापली जातात, वर्षागणिक बुटकी होत जातात, हे आमच्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असते. पण जे घर आपण लहानपणापासून पाहिले, ते कधी आणखी उंच होते हे मनात येत नाही. बोगालेचला ते घर जसे होते तसेच पुरे वाटत आले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ऑफिसात सगळ्यांदेखत सांगून टाकले, “चूक माझी आहे. मी घराचं वय विचारलं नाही.” असे सांगायला छाती लागते, आणि ती तिच्याकडे होती.

आता गेलेले पाय परत लावायचे होते. सॉफ्टवेअरला सांगितले की आहे तोच वक्र खाली वाढव, तर त्याने घराला घेरदार घागरा नेसवला. झूमाला फोनवर हे सांगितले तेव्हा तो चिडलाच. “घागरा नाही गं! पायाशी घर ताठ उभं असतं. छातीपर्यंत ताठ, मग आत झुकतं. माणूस नमस्काराला झुकतो तेव्हा पाय वाकवतो का?”

“आणि घेर? पहिला घेर किती होता?”

झूमाने मनातल्या मनात जुनी जागा फिरून पाहिली. मग म्हणाला, “पहिल्या जागी आता लसूण लावलाय. पण घराभोवती पाण्याची चारी खणली होती, तिची खूण आहे अजून. थांब.”

चौथ्या दिवशी गावाजवळच्या अर्बा मिंचहून येणाऱ्या बसने एक दोरी आली. ड्रायव्हरच्या हाती, केळीसारख्या एन्सेटच्या पानात गुंडाळलेली, दोन्ही टोकांना गाठ मारलेली. झूमाने ती चारीच्या आतल्या कडेने फिरवून घेतली होती. बोगालेचने ऑफिसच्या बोळात ती ताणून टेप लावली. साडेतेवीस मीटर. सिरकना तिच्यावरून उडी मारून आपल्या खोलीत जावे लागले.

त्या दोरीवर तिने घर पुन्हा उभे केले. छातीपर्यंत ताठ, मग झुकणारे. दार खाली आले, कपाळ मोकळे झाले, म्हाताऱ्याचा नवरदेव झाला. पाय घसरायचे थांबले. पाव मापाच्या नमुन्यात चौऱ्याऐंशी ओळी आल्या. नाहोमने आपण होऊन चौऱ्याऐंशी कामट्या एकेक करून उलगडल्या. सगळ्या सरळ पडल्या, फुटपट्टीसारख्या. तो खाली गेला आणि दोन कप कॉफी घेऊन वर आला.

“पैज पट्ट्यांची होती,” बोगालेच म्हणाली. “तुझा पट्टा तुटला नव्हता.”

“पी ना, एत्ये,” तो म्हणाला.

बैठकीच्या दिवशी झूमा चार विणकर घेऊन सकाळीच ऑफिसच्या अंगणात हजर झाला. रात्री थोडा पाऊस पडून गेला होता. समितीची सात माणसे भिंतीच्या कडेला खुर्च्यांवर बसली. ठेकेदारही आला होता, काखेत छापील पत्र्याचा तुकडा घेऊन. अध्यक्षांनी सगळ्यांसमोर सांगितले, “आज छपराचं टोक मिटलं तर विणायचं. नाही मिटलं तर पत्र्याच्या कागदावर सही करू.”

झूमाने कागद हातात घेतला, उलटा धरला, परत दिला. “हे मला नको. तू सांग, मी कापतो.”

म्हणून बोगालेच एका स्टुलावर उभी राहिली. आकडे तिने झूमाच्याच वितीत आणि बोटांत करून ठेवले होते, त्याच्या हाताचे माप घेऊन. “पहिली! एकोणतीस वीत, दोन बोटं!” झूमा कामटी मापी, कापी, विणकर ती उभ्या काड्यांतून आत-बाहेर ओवत घेर पुरा करत. दोन्ही टोके एकमेकांना अगदी भिडत. पाच ओळी झाल्या, दहा झाल्या, पंचवीस झाल्या. समितीची माणसे खुर्च्या पुढे ओढू लागली. त्यांतले निम्मे झूमाकडे बघत होते आणि निम्मे स्टुलावरच्या बाईकडे. नाक बाहेर येऊ लागले तेव्हा कोणीतरी ‘व्वा’ म्हणाले.

बेचाळिसाव्या ओळीला कॉफी आली. भाजलेल्या जवाचा कोलो आला. सगळे बसले, कप फिरले, गप्पा झाल्या. मग झूमा विजार झटकत उठला. “हं, पुढची!”

“त्रेचाळिसावी!” बोगालेचने आकडा दिला. झूमाने कापली. विणकरांनी ओवत ओवत फिरवून आणली. दोन टोकांच्या मध्ये चार बोटांची फट राहिली.

झूमाने फटीत बोटे घालून पाहिली. “आखूड,” तो मोठ्याने म्हणाला. “तुझं यंत्र चुकलं, बाई.”

ठेकेदाराने काखेतला पत्रा मांडीवर घेतला. सिरक आपल्या बुटांकडे बघू लागले. नाहोमने घाईघाईने कागद चाळायला सुरुवात केली. बोगालेचचे एका महिन्याचे काम, बापाचे नाव, शिरो मेदाच्या साऱ्या विणकरांचे छप्पर त्या चार बोटांत अडकले होते. ती तशीच उभी राहून कागदावरच्या दोन आकड्यांकडे बघत राहिली. मग तिने मान वर केली.

“गाशे, कामटी बरोबर आहे. तुम्ही एक ओळ गाळलीत.”

विणकरांनी एकमेकांकडे पाहिले. झूमाला ओळ गाळलीत म्हणणे म्हणजे धर्मगुरूला प्रार्थना विसरलात म्हणण्यासारखे. तेही एका बाईने, सात माणसांसमोर.

“मी पस्तीस घरं विणलीत,” झूमा थंडपणे म्हणाला.

“माहीत आहे. पण या उंचीवर प्रत्येक ओळ खालच्या ओळीपेक्षा बरोबर चार बोटं लहान होते. तुम्हाला बरोबर चारच कमी पडलीत. माझं यंत्र चुकलं असतं तर तीन पडली असती, सहा पडली असती. नेमकी चार पडायला ओळच गळावी लागते. मोजा.”

तिचा आवाज खाली आला होता. ऑफिसातल्या लोकांना त्याचा अर्थ ठाऊक होता.

झूमा मोजायला बसला. खालून वर, एकेका ओळीवर बोट ठेवत. एकदा मोजले. परत खालून सुरू केले. दुसऱ्यांदा शेवटच्या ओळीवर बोट ठेवून तो थांबला. “एक्केचाळीस,” तो स्वतःशीच म्हणाला. “बेचाळिसावी मी कापली होती. माझ्या हातानं कापली होती.”

तो उठून ज्या दगडावर बसून कॉफी प्यायला होता तिथे गेला. दगड ओला, म्हणून त्याने बसायला वर गाबी अंथरली होती. त्याने गाबी उचलली. खाली वेटोळे करून ठेवलेली बेचाळिसावी कामटी होती. म्हातारा तिच्यावरच बसून दोन कप कॉफी प्याला होता.

आधी त्याच्या विणकरांपैकी एकाला हसू फुटले, मग समितीला, मग सगळ्या अंगणाला. झूमा हसला नाही. त्याने त्रेचाळिसावी उसवली, बेचाळिसावी ओवली, टोके भिडली. त्रेचाळिसावी पुन्हा फिरवली, टोके भिडली. फटीत आता नखही जात नव्हते. त्याने जिथे टोके मिळाली होती तिथे अंगठा दाबून पाहिला आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, “पुढची सांग.”

चौऱ्याऐंशीवी ओळ दुपारी चारला पडली आणि टोक मिटले. समितीचे अध्यक्ष वाकून दारातून आत गेले. नमुना पाव मापाचा होता, पण माणूस आत ताठ उभा राहू शकत होता. ते बराच वेळ वर बघत उभे राहिले, मग बाहेर आले आणि ठेकेदाराला म्हणाले, “पत्रा घेऊन जा बाबा. विणायचं.”

शिरो मेदाच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. सिरक सगळ्यांशी हात मिळवत सुटले, जणू ही सगळी त्यांचीच कल्पना होती. झूमाने हात वर करून सगळ्यांना गप्प केले.

“मोठं छप्पर मी विणतो. माझी माणसं आणतो. पण एक सांगून ठेवतो. वर मचाणावर ही बाई माझ्या शेजारी पाहिजे. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. आकडे मला कागदावर नकोत, हिच्या तोंडून हवेत.”

त्याच्याबरोबरचा एक विणकर चुळबुळला. “गाशे, विणीच्या मचाणावर बाई? असं कधी—”

“माझी चूक धरणारा तुमच्यात आणखी कोण आहे?” झूमा म्हणाला. “दाखवा. त्याला नेतो.”

पस्तीस घरे विणताना त्याची चूक कोणी धरली नव्हती, आणि आज ज्या बाईने धरली, तिलाच तो डोर्झेच्या विणीत शेजारी बसवून घेत होता, साऱ्या शिरो मेदासमोर. बोगालेचच्या अंगावर मूठभर मांस चढले. तिने ते लपवले नाही. डोळे पुसायचे होते तेही तिने सगळ्यांदेखत पुसले आणि मान ताठ ठेवून सिरककडे वळली.

“मचाणाची शिडी जरा भक्कम बांधून घ्या,” ती म्हणाली. “मी सेहेचाळीस वर्षांची आहे, आणि मला रोज चढायचंय.”